विहीणबाईंचं इन्शुरन्स-सूचक मंडळ

आमच्या विहीणबाईंना जगातली कुठलीही गोष्ट एकटी राहिलेली बघवत नाही. ड्रायरमधून एक मोजा कमी निघाला, तर उरलेला मोजा त्या फेकत नाहीत. संसार मोडलेल्या माणसाकडे बघावं तसं त्याच्याकडे बघतात आणि दुसऱ्या एखाद्या विधुर मोज्याशी त्याची गाठ घालून देतात. रंग जुळत नसला तर म्हणतात, "स्वभाव जुळला की झालं." बशी फुटलेल्या कपाला त्यांच्याकडे दुसरी बशी मिळते, झाकण हरवलेल्या डब्याला दुसरं झाकण मिळतं, आणि इथे अमेरिकेत, पार्सिपनीतल्या त्यांच्या घरात चहा प्यायला बसलं की आपण एखाद्या सामुदायिक विवाहाला आलोय असं वाटतं. ज्या बाईने मोज्यांना सोडलं नाही, ती माणसांना काय सोडणार! आमच्या भागातली निम्मी मराठी लग्नं त्यांनी जमवलेली आहेत. देवळात, डेंटिस्टकडे, विमानतळावरच्या रांगेत, कुठेही एखादा अविवाहित जीव दिसला की त्यांच्या डोळ्यांत तीच चमक येते, जी माझ्या डोळ्यांत सेलची पाटी बघून येते.

माझी मुलगी त्यांनी स्वतःच्याच मुलासाठी अशीच एका हळदीकुंकवात हेरली. त्या वेळची मी आठवले की मला आजही स्वतःचा कान पिळावासा वाटतो. 'मुलाकडची माणसं कशी आहेत ते बघून येते' म्हणून मी भर जुलैत जरीचं नेसून, गॉगल डोक्यावर चढवून त्यांच्याकडे गेले होते आणि आपण काही साध्यासुध्या नाही हे कळावं म्हणून त्यांच्याशी इंग्रजीत बोलत होते. त्यांनी माझं सगळं इंग्रजी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तुम्हाला उकडत असेल. आत जाऊन माझा एखादा गाऊन घालता का?" मी घातला. त्या दिवसापासून आमचं जमलं. पुढे कधीतरी मी त्यांना सांगितलं, की मी माझा नवरा त्याच्या शर्टाची कडक इस्त्री बघून पसंत केला होता आणि ती इस्त्री सासूबाईंची होती हे मला लग्नानंतर कळलं. त्यावर त्या पोट धरधरून हसल्या होत्या. तेव्हापासून मी काहीही चुकीचं विकत आणलं की त्या एवढंच म्हणतात, "इस्त्री बघितलीत वाटतं?"

आता आम्ही दोन म्हाताऱ्या एका छताखाली कशा आलो तेही सांगते. माझी मुलगी आणि जावई, म्हणजे विहीणबाईंचा मुलगा, यांचा फ्रोझन पुरणपोळ्या, मोदक आणि वड्यांचा छोटासा कारखाना आहे. तिथे विहीणबाई पुरणाच्या प्रमुख आणि मी चवीची प्रमुख. रीतसर पगारावर. माझं काम म्हणजे प्रत्येक घाणा चाखून बघणं, आणि एकदा चाखून माझी खात्री होत नाही. विहीणबाईंना हे खपत नसे. पण त्यांच्या उजव्या गुडघ्याने फार दिवसांपूर्वीच संप पुकारला होता, त्यामुळे त्या येताना एक पाऊल हलकं आणि एक दाणकन पडायचं. फरशीवरचा तो ठेका लांबून ऐकू आला की मी तोंडातला वडा गिळून, हात पुसून, गंभीर चेहऱ्याने उभी राहू शकायचे. त्या गुडघ्याचे माझ्यावर असे फार उपकार होते. तो बदलायचं मात्र अखेर ठरलं होतं. संक्रांतीच्या गुळपोळ्यांची गडबड आटोपली की जानेवारीच्या शेवटी ऑपरेशन. त्या सर्जनची ती तारीख हुकली, तर पुढची थेट उन्हाळ्यात होती.

अशातच एक दिवस जावयाने सगळ्यांना पॅकिंगच्या टेबलाभोवती जमवलं आणि जाहीर केलं, की कंपनीचा सगळ्यांचा मिळून जो एक हेल्थ इन्शुरन्स होता, तो डिसेंबरअखेर बंद. जानेवारीपासून प्रत्येकाने आपापली पॉलिसी निवडून विकत घ्यायची आणि कंपनी दर महिन्याला ठरलेली रक्कम परत देणार. वर्ष संपायच्या आत ज्याने निवडली नाही, तो एक जानेवारीला उघड्यावर. समजावून सांगायला पडद्यावर एक तज्ज्ञ बाई आल्या. त्यांनी तक्ते दाखवले, बाण दाखवले, खूप गोड हसल्या आणि शेवटी "एनी क्वेश्चन्स?" असं विचारलं. कुणालाही काहीही कळलेलं नव्हतं, त्यामुळे कुणालाही प्रश्न नव्हता. मीही मान डोलावली. मी नवी नवी अमेरिकेत आले तेव्हाही अशीच मान डोलावली होती आणि पहिलंवहिलं इन्शुरन्स कार्ड झिजू नये म्हणून देवघरात ठेवलं होतं. थोरल्या मुलीच्या बाळंतपणात दवाखान्यात ते काढून दिलं, तर त्यावर हळदकुंकू आणि एक अक्षता. काउंटरवरच्या बाईने ती अक्षता चिमटीत धरून बराच वेळ उजेडात न्याहाळली होती.

पडदा बंद झाल्यावर पॅकिंग सांभाळणारी टेरेसा हळूच म्हणाली, "सो, नो इन्शुरन्स?" तिला डायबिटीस आहे हे ती स्वतःच सगळ्यांना सांगत असते, रोज जेवणाआधी सगळ्यांसमोर पोटात सुई टोचून घेते. तिचा चेहरा उतरलेला बघून विहीणबाई पुरणाचा हात धुऊन पुढे आल्या. तिला त्या दर दिवाळीला भाऊबीज म्हणजे काय ते सांगत आलेल्या आहेत. त्याच धाग्याने त्यांनी सुरुवात केली. "टेरेसा, लिसन. आधी ब्रदर साडी आणायचा. सेम साडी, ऑल सिस्टर्स. जाडीला तीच, बारकीला तीच. नाऊ ब्रदर सेज, यू गो, यू चूज, यू बाय. मला फक्त पावती दाखव. आय गिव्ह मनी."

टेरेसाच्या कपाळावरची आठी गेली. आमचा ट्रक चालवणारा डॅरिल म्हणाला, "अँड इफ आय लाइक एक्स्पेन्सिव्ह साडी?"

"वरचे पैसे तुझे."

"अँड नो पावती?"

"मग ब्रदर फरगेट्स," विहीणबाई मुलाकडे बघत म्हणाल्या, "ऑल ब्रदर्स फरगेट."

पडद्यावरच्या बाईंना तासभरात जे जमलं नव्हतं ते असं मिनिटात झालं. जावयाने त्याच क्षणी आईला हे खातं देऊन टाकलं आणि संध्याकाळपर्यंत त्याला त्याचा पश्चात्ताप झाला. कारण विहीणबाईंनी डॅरिलला ऑफिसात बसवून पहिला प्रश्न विचारला होता, "तुझे आजोबा कशाने गेले?" जावई धावत आला. "आई, प्लीज! इथे कंपनीने कुणाला तब्येतीचं विचारायचं नसतं. इल्लीगल आहे ते. आणि 'हाच प्लॅन घे' असंही सांगायचं नाही."

"मग मी करू काय?"

"फक्त समजावून सांग."

"बरं. नाही विचारत." मग डॅरिलकडे बघत, "पोहे तरी विचारलेले चालतात का?"

झालं. दुसऱ्या दिवसापासून कारखान्याच्या त्या इवल्याशा ऑफिसात कांदेपोह्यांचा कार्यक्रम सुरू झाला. एका वेळी एक माणूस. समोर पोह्यांची बशी, वर लिंबाची फोड, आणि पलीकडे विहीणबाई हाताची घडी घालून गप्प. एक चकार शब्द विचारायच्या नाहीत. पण लग्न जमवणाऱ्या बाईला एक गोष्ट माहीत असते, की गप्प बसलेल्या बाईसमोर माणूस फार वेळ गप्प बसू शकत नाही. अर्धी बशी संपेपर्यंत माणसं आपण होऊन बोलू लागत. 'मला आयुष्यात काही झालेलं नाही' असं म्हणत छाती ठोकणारा डॅरिल कंबरेवर हात ठेवून सांगत होता, की सकाळी बूट घालायला वाकता येत नाही. "मी विचारलं नाही हं," असं विहीणबाई काचेपलीकडे येरझाऱ्या घालणाऱ्या मुलाला ओरडून सांगत.

मग त्या समजावून सांगायच्या. ब्राँझ प्लॅन म्हणजे साधं स्थळ. महिन्याचं मागणं कमी, पण दुखणं आलं तर आधी सगळं तूच निस्तर. गोल्ड म्हणजे बडं घर. रोजचा थाट सांभाळावा लागतो, पण अडल्यानडल्याला पाठीशी उभे राहतात. डिडक्टिबल म्हणजे मानपान. तेवढा मानपान आपल्या खिशातून झाल्याशिवाय व्याही पानावर बसायचे नाहीत. आणि नेटवर्क म्हणजे त्यांचं गणगोत. त्यांच्या गोतातल्या डॉक्टरकडे गेलं तर कौतुक, बाहेरच्याकडे गेलं तर खर्च तुमचा तुम्ही बघा. "यात काय बरं?" असं कुणी विचारलंच, तर कायद्याला स्मरून म्हणायच्या, "मी कशी सांगू? नांदायचं तुला आहे." आमच्या नातीने एकदा शाळेतून येऊन हे सगळं ऐकलं आणि म्हणाली, "आजी, दॅट्स ॲक्चुअली नॉट राँग." यापेक्षा मोठं प्रशस्तिपत्रक या देशात मिळत नाही. पुढे डॅरिल त्या तज्ज्ञ बाईंना फोनवर विचारताना मी स्वतः ऐकलंय, "मॅम, व्हॉट्स द मानपान ऑन दिस वन?"

इन्शुरन्सवाल्यांच्या वेबसाइटवर डॉक्टरांची यादी असते. त्या यादीवर विहीणबाईंचा काडीचा विश्वास नव्हता. "बायोडेटात काय, कुणीही काहीही लिहितं. मुलाची चौकशी शेजारी करायची असते." म्हणून त्या प्रत्येकाच्या डॉक्टरच्या दवाखान्यात स्वतः फोन लावायला लावत. फोन स्पीकरवर टाकून पुरणाच्या कढईजवळ ठेवलेला असे आणि त्यातून ते ताटकळत ठेवण्याचं संगीत वाजत असे. सगळ्या कारखान्याला ती सुरावट पाठ झाली होती; पोळ्या त्या लयीत लाटल्या जाऊ लागल्या. टेरेसाने मनात धरलेल्या प्लॅनच्या यादीत तिच्या डॉक्टरीणबाईंचं नाव ठळक होतं. फोन केल्यावर कळलं, त्या केव्हाच त्या गोतातून बाहेर पडलेल्या. टेरेसाने छातीवर क्रॉस केला. मग दुसरं स्थळ, पुन्हा फोन, पुन्हा संगीत. शेवटी डॉक्टरीणबाईही मिळाल्या आणि इन्शुलिनही. ती एका बाबतीत मात्र अडून बसली होती, चष्म्याचा खर्चही त्यातच पाहिजे म्हणून. तिला विहीणबाईंनी जवळ घेऊन सांगितलं, "टेरेसा, ऑल गुण इन वन स्थळ, नेव्हर. जे नसेल तर आपलं चालणारच नाही, ते धरायचं. बाकीचं सोडायचं." टेरेसाने डोळे पुसले, चष्मा सोडला आणि इन्शुलिन धरलं.

माझ्या निवडीबद्दल न बोललेलं बरं, पण बोलते. मी एक पॉलिसी आधीच मनाने पक्की केली होती, कारण तिच्या माहितीपत्रकावर एक पांढऱ्या केसांचं जोडपं समुद्रकिनाऱ्यावर सायकल चालवत हसत होतं. मला सायकल येत नाही. आमच्या ह्यांना वयामुळे मेडिकेअर, म्हणजे सरकारचा म्हातारपणीचा इन्शुरन्स, मिळालेला, त्यामुळे ते आरामखुर्चीतून ही सगळी करमणूक बघत होते. तेही सायकलवर बसणाऱ्यातले नाहीत. विहीणबाईंनी ते पत्रक हातात घेतलं, उलटसुलट केलं आणि विचारलं, "तुमचे डॉक्टर यात आहेत का?" नव्हते. एकही नव्हता. "पुन्हा इस्त्री!" त्या म्हणाल्या, आणि माझी पण पोह्यांची बशी भरली.

नाताळच्या आधीच्या आठवड्यात हिशेब बघणारे गोखलेकाका आले आणि म्हणाले, "सगळ्यांच्या पॉलिशा आल्या. एक राहिलीय." मी लगेच डॅरिलकडे वळले. "अरे घोड्या, एवढे पोहे खाल्लेस, आणि अजून?" तो दोन्ही हात वर करून म्हणाला, "आय ॲम मॅरिड, आजी! सिल्व्हर!" तेव्हा गोखलेकाकांनी चष्म्यावरून हळूच पुरणाच्या कढईकडे बघितलं.

सगळ्यांची लग्नं लावणारी ही बाई स्वतः बोहल्याजवळ फिरकलीच नव्हती. मेडिकेअरच्या वयाला त्यांना अजून तीन वर्षं होती. वर्षअखेरीपर्यंत पॉलिसी नाही घेतली तर जानेवारीत इन्शुरन्स नाही, इन्शुरन्स नाही तर ऑपरेशन नाही, आणि तो गुडघा घेऊन उन्हाळ्यापर्यंत कढईपुढे उभं राहायचं. जाब विचारला तर म्हणाल्या, "बघू हो, घाई काय आहे!" हे वाक्य मी लग्न टाळणाऱ्या मुलींच्या तोंडून ऐकलेलं आहे. विहीणबाई त्यावर त्यांचं काय करायच्या तेही बघितलेलं आहे.

रविवारी सकाळी मी पोहे केले, डब्यात भरले, आणि भर जुलैतली तीच जरीची साडी भर डिसेंबरात कोटाच्या आत नेसून त्यांच्या दारात जाऊन उभी राहिले. दार उघडल्यावर म्हटलं, "मुलगी बघायला आलेय."

"गॉगल राहिला," त्या म्हणाल्या. पण आत घेतलं.

मी पोहे वाढले आणि हाताची घडी घालून गप्प बसले. गप्प बसणं ही माझी कला नाही. बाळंतपणातही मी बोलत होते. घड्याळ टिकटिकत होतं, त्या खाली मान घालून एकेक शेंगदाणा वेचत होत्या, आणि मी जीभ दाताखाली धरून बसले होते. शेवटी त्या म्हणाल्या, "मीठ कमी पडलंय." मी गप्प. "आणि मिरची जास्त." मी तरीही गप्प. हे मात्र त्यांनाही नवीन होतं.

"सर्जन ज्या प्लॅनमध्ये आहेत," त्या बशीकडे बघतच म्हणाल्या, "त्यात आपले डॉक्टर नाहीत. डॉक्टर ज्यात आहेत, त्यात सर्जन नाहीत. मी सगळीकडे फोन करून बघितलं. गोल्डसुद्धा बघितलं."

'आपले डॉक्टर' म्हणजे एक नागपूरकडचे म्हातारे गृहस्थ. राहत्या घराच्या पुढच्या दोन खोल्यांत त्यांचा दवाखाना आहे. आमच्या गेलेल्या व्याह्यांचे, विहीणबाईंच्या यजमानांचे, ते जुने दोस्त; व्याह्यांना शेवटपर्यंत त्यांनीच बघितलं. औषध मोजकं देतात, बोलतात पुष्कळ. सर्दीसाठी गेलं तरी तासाची निश्चिंती.

मला राहवलं नाही. "अहो, टेरेसाला काय सांगितलं होतंत? जे नसेल तर चालणारच नाही ते धरायचं. गुडघ्याशिवाय चालणार आहे का तुमचं? शब्दशः!"

"दुसऱ्याला सांगायला बरं असतं ते."

"ताप आला तर दुसरा डॉक्टर बघेल की."

"तापासाठी कोण जातंय त्यांच्याकडे!" विहीणबाई एकदम म्हणाल्या, आणि मग आवाज खाली आला. "मला इथे सगळे काकू म्हणतात. कारखान्यात आजी म्हणतात. तुम्ही विहीणबाई म्हणता. बँकेत मिसेस अमुकतमुक. मला वहिनी म्हणणारं आता एवढं एकच माणूस उरलंय. ह्यांचे बाकीचे दोस्त कुणी गेले, कुणी फ्लोरिडाला. त्यांच्यासमोर बसलं की 'हे' म्हणजे कोण, ते सांगावं लागत नाही. ते दार उघडतात, 'या वहिनी' म्हणतात, आणि मला वाटतं मागून हे गाडी लावून येताहेत."

मी उठून त्यांचा कोट आणला.

डॉक्टरांच्या घराला रस्त्यापासून उंच दगडी पायऱ्या आहेत. विहीणबाई कठडा दोन्ही हातांनी धरून, प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवत चढल्या, मी मागे पोह्यांचा डबा घेऊन. डॉक्टर दार उघडून वरून बघत होते. त्यांना सगळं सांगितलं. मला वाटलं होतं ते गहिवरतील. ते चक्क हसले. "वहिनी, वेड लागलं का तुम्हाला? तुम्ही या पायऱ्या कशा चढता ते मी दर वेळी खिडकीतून बघतो आणि दर वेळी जीव मुठीत धरतो. एक दिवस माझ्याच दारात पडाल, अन् तो गेलेला दोस्त मला वर गेल्यावर विचारेल, 'काय रे, एवढंच लक्ष ठेवलंस का?' आधी गुडघा करून घ्या. पेशंट म्हणून सुटलात. पाहुणी म्हणून या. पाहुण्यांना कुठला प्लॅन लागतो!" मग डब्यातला एक घास खाऊन म्हणाले, "यात मीठ कमी आहे."

पॉलिसी त्याच दुपारी झाली. बटण मी दाबलं, कारण त्यांचा हात घुटमळत होता. मंगलाष्टकं म्हणावीत असं मनात आलं होतं, पण नाही म्हटली. ऑपरेशन ठरल्या तारखेला झालं. त्या शुद्धीवर आल्या आल्या डॅरिल भेटायला आला होता. त्याला त्यांनी पहिला प्रश्न विचारला, की सिल्व्हर मिळालंय, आता मुलगी बघायची का.

आता त्या कारखान्यात येतात ते कळत नाही. तो ठेका गेला. मी घाणा चाखत असताना मागून एकदम आवाज येतो, "कितवा?" आणि वडा घशात अडकतो. चांगल्या सर्जनचे असे तोटे असतात. विहीणबाई लोकांना सांगतात की गुडघा माझ्या हट्टाने झाला, आणि मी वड्यांच्या बाबतीत त्याची किंमत मोजतेय.

शनिवारी दुपारी मात्र त्यांना मीच डॉक्टरांकडे सोडते. गाडी त्यांना येते, पण व्याही असताना त्या कधी चालवत नसत, आणि त्या घरी जाताना अजूनही चालवत नाहीत. हातात पुरणपोळ्यांचा डबा असतो. मी वर जात नाही, गाडीतच बसते. कठडा न धरता त्या पायऱ्या चढतात, वर पोचल्यावर लगेच बेल वाजवत नाहीत. आधी केसांवरून हात फिरवतात, पदर नीट करतात आणि एकदा मागे वळून रस्त्याकडे बघतात. मला वाटायचं, माझ्याकडे बघतात. मी हातसुद्धा हलवायचे.

मग दार उघडतं. बाहेर कितीही थंडी असली, तरी मी तेवढ्यापुरती गाडीची काच खाली करते. "या वहिनी," असं ऐकू येतं, आणि मी काच वर घेते.